टेलरबाईंची दुकानातली तारीख

टेलरबाईंना कुणी वय विचारलं तर त्या चाळीस सांगतात. खरं वय अडतीस. आजूबाजूच्या साऱ्याजणी पस्तिशीच्या अलीकडे तंबू ठोकून बसलेल्या असताना ही एकटी बाई पदरची दोन वर्षं घालते, याचं सगळ्यांना नवल वाटतं. "अहो, चाळीसच धरा," त्या म्हणतात. "आज कमी सांगा आणि मग वाढवत बसा, कुणी सांगितलंय?"

त्यांचं सगळंच असं वाढीव. शर्ट असो, झगा असो, शाळेची पँट असो, शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड राखून ठेवावं लागतं, त्याला टेलर लोक माया म्हणतात. दुसरे बोटभर माया सोडतात, टेलरबाई दोन बोटं. "नंतर आत घेता येतं. नसलेलं कापड मी कुठनं आणू?" हे वाक्य त्या गिऱ्हाइकागणिक म्हणतात, आणि ओठांत टाचण्या धरलेल्या असल्यामुळे ते सगळंच्या सगळं नाकातून बाहेर पडतं. गल्लीतल्या कुठल्याही पोराला ते हुबेहूब म्हणून दाखवता येतं. हनुवटी वर करायची, ओठ दाबायचे आणि एका दमात सोडून द्यायचं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, कापायचं लांब टेबल, एक उभा आरसा, आणि मागच्या कोपऱ्यात इस्त्रीच्या वाफेत अर्धवट दिसणारे यजमान. काजं, बटणं, तुरपाई आणि इस्त्री हे त्यांचं खातं. गल्ली त्यांना 'होतंय' म्हणते, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर तेवढंच. "अहो, त्या काळ्या कोटाची बटणं?" "होतंय." "इस्त्री तापली का?" "होतंय." एकदा तापाने फणफणलेले असताना शेजाऱ्याने तब्येत कशी आहे म्हणून विचारलं, तर पांघरुणाच्या आतून आवाज आला, "होतंय."

अशा माणसाला बरोबर घेऊन पंधरा वर्षं दुकान चालवायचं म्हणजे युक्ती लागते, आणि टेलरबाईंची युक्ती तारखेत होती. गिऱ्हाईक दाराशी म्हणालं वीस तारखेला हवं, की त्या मान डोलवायच्या, आणि ते गेलं की वळून कोपऱ्याकडे बघून ओरडायच्या, "अहो, सहा तारीख! सहाला द्यायचंय बरं का!" वीस ही गिऱ्हाइकाची तारीख, ती बाईंच्या डोक्यात. सहा ही दुकानातली तारीख, ती बाकी साऱ्या जगासाठी. सहा उजाडायची, कोटाला बटणं नसायची, बाई आकाशपाताळ एक करायच्या, होतंय खाली मान घालून दोरा ओवत राहायचे. आणि वीसला गिऱ्हाईक दारात उभं राहायचं तेव्हा कोट हँगरवर तयार. होतंयना तर वाटायचं, आपली गिऱ्हाइकं किती गुणी. एक जण म्हणून वेळेवर येत नाही, सगळे पंधरा दिवस उशिरा येतात, नाहीतर आपली अब्रूच गेली असती.

पंधरा वर्षांत घरात पाळणा हलला नव्हता. आधी वाट पाहिली, मग औषधं झाली, मग दोघांनी तो विषय घडी घालून वरच्या फळीवर ठेवून दिला. त्यामुळे पाळी चुकली तेव्हा बाईंना वाटलं, झालं, जायची वेळ आली वाटतं. आपण चाळीस चाळीस म्हणतो ते अंगालाही पटलं म्हणायचं! पुढे एकदा स्वतःसाठी कुडता कापायला त्यांनी टेप कमरेला लावली. लावली, बघितली, सोडली, परत लावली. मग तशाच टेप गळ्यात घालून दवाखान्यात गेल्या, आणि होतंय हातातली सुई खाली न ठेवताच मागून धावले.

दवाखान्यातली नर्स म्हणजे एक वेगळंच प्रकरण. तिच्या तोंडी 'तुम्ही' नाही. सगळं 'आपण'. "आपण वजनकाट्यावर उभं राहायचं. आपण चप्पल काढायची. आपलं वय किती?"

"चाळीस धरा."

"आपली शेवटची पाळी कधी आली होती?"

इथे टेलरबाई थांबल्या. तारीख त्यांना पक्की ठाऊक होती, त्या दिवशी मशीनचा पट्टा तुटला होता. पण शेजारच्या खुर्चीवर होतंय बसले होते, कान टवकारून. खरी तारीख सांगितली तर नर्स बाळंतपणाची खरी तारीख काढणार, ती हे ऐकणार, आणि मग खोलीला रंग देणं, गळका नळ, कपाट सरकवणं, सगळं त्या दिवसाच्या सकाळपर्यंत होतच राहणार. बाईंनी गिऱ्हाइकाच्या वेळी करतात तेच केलं. पाळीची तारीख दोन आठवडे मागे ओढून सांगितली, म्हणजे बाळंतपणही तेवढंच अलीकडे येईल. सांगताना डोळ्यांची पापणी लवली नाही. बाळ थोडं उशिरा आलं तर येऊ दे की, खोली तरी तयार असेल. तारखेचा आणखी कशाशी संबंध असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अरे वा, म्हणजे आपले बरेच दिवस झाले," नर्स म्हणाली. "सोनोग्राफीला गर्दी आहे, आपला नंबर पुढे लागेल. रक्त मात्र आपण आजच देऊन टाकायचं."

दिलं. आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं.

डॉक्टरीणबाई हळू बोलतात. इतकं हळू, की समोरचा माणूस आपोआप पुढे वाकतो, आणि तिघं तिघं वाकून ऐकताना दारातून बघणाऱ्याला वाटावं टेबलावर मुंगी हरवलीय. तिघं म्हणजे टेलरबाई, होतंय आणि सासूबाई. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या दवाखाना बघायला आल्या होत्या.

"रक्ताच्या तपासणीत एक जोखीम जास्त आलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळाच्या पेशींमध्ये एक गुणसूत्र जास्तीचं असण्याची. तसं असेल तर मुलाची वाढ सावकाश होते, शिकायला वेळ लागतो, काहींच्या हृदयात दोष असतो. पण नीट ऐका. असं आहे, असं हा रिपोर्ट म्हणत नाही. रक्तातली द्रव्यं, आईचं वय वगैरे घेऊन केलेला हा अंदाज आहे. ऐंशीत एक."

"म्हणजे?" बाईंचा आवाज टाचण्या नसतानाही नाकातून आला.

"म्हणजे हाच रिपोर्ट हातात असलेल्या ऐंशी बायका या खोलीत उभ्या केल्या, तर एकीच्या बाळाला ते असेल. एकोणऐंशी जणींच्या नसेल. ती एक कोण, हे या तपासणीला ओळखता येत नाही. पुढे कुणाकडे नीट बघायला हवं, एवढंच ती दाखवते."

"आणि नक्की कशात कळतं?"

"पोटातून बारीक सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढतात, ते तपासलं की कळतं. त्या सुईने मूल दगावण्याचा धोका असतो. थोडा, पण असतो. म्हणून मी कुणाला ढकलत नाही. आधी सोनोग्राफी करू, तुम्ही विचार करा, मग ठरवा. नाही म्हणालात तरी मी तुमचीच डॉक्टर राहीन."

ज्या बाईचा उभा जन्म सुया हाताळण्यात गेला, तिचा हात सुई हा शब्द ऐकल्यावर आपोआप पोटावर गेला.

घरी येईपर्यंत ऐंशीत एकचे ऐंशी टक्के झाले होते. ते काम सासूबाईंचं. संध्याकाळी शेजारीण डोळ्याला पदर लावून आली तेव्हा टेलरबाईंनी सासूबाईंकडे नुसतं बघितलं.

"मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "फक्त हिला."

"आई, समोरचे दुकानदारपण विचारत होते."

"हां, त्यांना. सुटे पैसे नव्हते त्यांच्याकडे, उभं राहावं लागलं. उभं राहून माणूस काय बोलणार?"

"आणि ऐंशी टक्के नाही, आई. ऐंशीत एक."

"ऐंशी आहे ना त्यात? मग!"

ते दिवस वाईट गेले. बाई मशीनवर बसायच्या, पण पाय चालला तर हात थांबायचा, हात चालला तर पाय. एका शर्टाची उजवी बाही डावीकडे आणि डावी उजवीकडे लागली, तरी त्यांना कळलं नाही. गिऱ्हाइकाने आरशासमोर हात वर केले तेव्हा कळलं. रात्री पाठीवर, कुशीवर, कशीच झोप लागेना. भीती मुलाची होती, आणि तेवढीच स्वतःचीही. आपण काय करू, हेच त्यांना आपल्याबद्दल सांगता येत नव्हतं.

एका दुपारी दुकानात दोघंच होते. बाईंनी मशीन थांबवलं.

"समजा, तसंच असलं तर?"

होतंयनी इस्त्री उभी करून ठेवली. वाफ गेली तेव्हा ते पूर्ण दिसले, जे क्वचित घडतं. "असलं तर आपलंच असणार की."

"बोलायला सोपं आहे. तुम्ही काय, कशालाही होतंयच म्हणणार."

"मी आत्ता होतंय म्हणालो नाही."

खरंच म्हणाले नव्हते. समोरच्या कापडावरचा खडूचा ठिपका बाई बोटाने पुसत राहिल्या.

"माझं ठरत नाहीये हो," शेवटी त्या म्हणाल्या. "सुई घ्यायची की नाही, तेच. घेतली आणि मूल गेलं तर? नाही घेतली तर मी शेवटपर्यंत ही अशीच बसलेली. मला नक्की काय आहे ते कळू दे. मग मी काय करायचं ते करीन. रडायचं असलं तरी नीट बसून रडेन."

"उद्या सोनोग्राफी आहे," होतंय म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांना एखादी तारीख आपणहून आठवली.

सोनोग्राफीची खोली अर्धी अंधारी होती. कॉटवर कागदाची चादर, उशाशी मशीन, आणि झोपणाऱ्याला दिसावा म्हणून समोरच्या भिंतीवर आणखी एक पडदा. नर्स हजर होतीच. "आपण आडवं व्हायचं. आपण कुडता वर घ्यायचा. आपल्याला जरा गार लागेल हं." पोटावर जेल पडलं. गार लागलं ते मात्र एकट्या टेलरबाईंना.

सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणजे कपाळावर चष्मा, आणि आवाज असा की बाराही महिने सर्दी असावी. पेशंटशी ते कमी बोलतात, बाळाशी जास्त. "या, पाहुणे. जरा असं वळता का? नाही? राहू द्या, आम्ही फिरून येतो." आणि मग हातातलं यंत्र पोटावरून फिरायला लागलं, भिंतीवर राखाडी ढग हलायला लागले, आणि त्या ढगांत मधूनच एक पाय चमकून गेला.

"हा कणा. छान. हे पोट. छान. हा हात, मूठ मिटलीय. छान. हे लुकलुकतंय ते हृदय. ठोके छान."

प्रत्येक 'छान' बरोबर होतंयची मान डोलत होती आणि बाईंचा श्वास एक बोट खाली उतरत होता. मग डॉक्टर मापं घ्यायला लागले. पडद्यावर एका टोकाला फुली, दुसऱ्या टोकाला फुली, मध्ये ठिपक्यांची रेघ. टिक. डोकं. टिक. पोट. टिक. मांडीचं हाड. मापं म्हणजे बाईंची रोजची भाकरी. त्या मान उचलून बघायला लागल्या.

"हं," डॉक्टर म्हणाले.

छान म्हणाले नाहीत. चष्मा कपाळावरून नाकावर आला. पुन्हा टिक, टिक, टिक.

"हंऽऽ."

हा दुसरा 'हं' पहिल्यापेक्षा लांब होता.

"बाळ तारखेच्या मानाने लहान दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "बरंच लहान. बाई, पाळीची तारीख नक्की ना?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत खुर्चीवरून होतंय उठले. रिपोर्ट आल्यापासून कुणासाठी काही करता येत नव्हतं, आता एक प्रश्न असा आला होता ज्याचं उत्तर त्यांना शंभर टक्के माहीत होतं. "नक्की म्हणजे काय, डॉक्टर! हिची तारीख चुकूच शकत नाही. पंधरा वर्षं दुकान चालवतेय. मी चुकतो, ही नाही. कुणालाही विचारा."



टेलरबाई भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होत्या. ठिपक्यांची रेघ अजून त्या इवल्याशा हाडावर होती. त्यांच्या मनात आधी लाज आली, मग तिच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं, आणि त्याने लाजेला सरळ धक्का मारून बाजूला केलं.

"ती दुकानातली तारीख आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" डॉक्टर.

"म्हणजे?" होतंय.

"म्हणजे खरी नाही. खरी दोन आठवडे नंतरची." आणि मग बांध फुटला. "यांच्यासाठी मी सगळ्याच तारखा अलीकडच्या सांगते हो. त्याशिवाय यांची बटणं लागत नाहीत. हे शेजारी बसले होते, म्हटलं खोलीला रंग तरी वेळेत होईल. आणि वयही चाळीस नाही, अडतीस आहे. ते मी सवयीनेच धरा म्हटलं. मला काय माहीत, तुम्ही खरंच धरता!"

डॉक्टरांनी चष्मा परत कपाळावर ढकलला. नर्ससुद्धा 'आपण' विसरून "अगं बाई!" म्हणाली.

होतंय उभेच होते. त्यांच्या डोळ्यांपुढून पंधरा वर्षांचे कोट, झगे, शाळेच्या पँटी एकेक करून चाललेल्या दिसत होत्या.

"सगळ्याच तारखा?"

"सगळ्याच."

"म्हणजे ते राखाडी सुटाचं... तू मला दोन दिवस जेवायला वाढलं नव्हतंस..."

"ते वेळेवर गेलं होतं," बाई बारीक आवाजात म्हणाल्या.

"भांडण नंतर," डॉक्टर म्हणाले, आणि परत टिक, टिक, टिक सुरू झालं. पण आता त्यांचा हात झरझर चालत होता. "हे बघा. डोकं, पोट, मांडी, तिन्ही मापं एकाच वयाची येताहेत. एखादंच माप मागे राहिलं असतं तर मला काळजी होती. इथे सगळं अंग एकमेकांना धरून आहे, आणि तुमच्या खऱ्या तारखेला बरोबर बसतंय. बाळ लहान नाही, बाई. बाळ नवं आहे."

"आणि तो रिपोर्ट? ऐंशीत एक?"

"तिकडेच येतोय. रक्तातली जी द्रव्यं मोजतात, त्यातली काही दर आठवड्याला चढतात, काही उतरतात. तुमचं सोळाव्या आठवड्याचं रक्त लॅबने अठराव्याच्या आकड्यांशी ताडून बघितलं. वर दोन वर्षं वय वाढवलेलं. मग हिशेब भलतीकडे जाणारच."

बाईंनी ते आपल्या मापात बसवून बघितलं. "म्हणजे पाच वर्षांच्या पोराला सातच्या मापाचा शर्ट घालायचा, आणि खांदे उतरले म्हणून पोराला नावं ठेवायची."

"तसंच. पण एक ऐका, लगेच नाचू नका. लॅब खरी तारीख घालून पुन्हा हिशेब करेल, तो काय येतो ते मला माहीत नाही. आणि हृदयाचे कप्पे आत्ता इतके बारीक आहेत की मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. तीन आठवड्यांनी परत या. खऱ्या तीन आठवड्यांनी."

बाहेर बाकावर सासूबाई होत्या. दार उघडताच त्या उठल्या. "काय म्हणाले? काय निघालं?"

होतंयनी त्यांचे दोन्ही खांदे धरले. "आई, मी पंधरा वर्षं वेळेवर होतो!"

सासूबाईंनी मुलाच्या कपाळाला हात लावून बघितला.

घरी जाताना बाई म्हणत राहिल्या, "चुकलं हो माझं. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले." होतंय म्हणत होते, "ते राखाडी सुटाचं तरी निदान..." आणि मध्येच थांबून, "पण बाळ मापात आहे, म्हणाले ना?" "म्हणाले." "मग सूट जाऊ दे." थोडं पुढे गेल्यावर परत, "दोन दिवस उपाशी ठेवलं होतंस पण." आणि बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की रस्त्यावरच्या माणसांनी वळून बघितलं. किती दिवसांनी हसल्या होत्या.

लॅबच्या नव्या हिशेबाला काही दिवस लागले. ते दिवसही लांबच होते, पण त्यांचा रंग निराळा होता. आधी नुसती भीती होती, आता भीतीच्या मांडीवर आशा बसली होती आणि ती सारखी चुळबुळ करत होती. फोन आला तेव्हा टेलरबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी त्या तशाच ठेवून फोन उचलला.

"आपला रिपोर्ट आलाय," नर्स म्हणाली. "आपण डॉक्टरांशी बोलायचं."

डॉक्टरीणबाई फोनवरही हळूच बोलतात. बाईंनी फोन कानात रुतवला. होतंयनी आपला कान फोनच्या पाठीला लावला. सासूबाईंनी होतंयच्या.

"त्याच रक्ताचा हिशेब परत केलाय, खऱ्या तारखेने आणि खऱ्या वयाने. आता अठराशेत एक येतंय. ही कमी जोखीम. शून्य नाही, शून्य ही तपासणी कधीच सांगत नाही. पण मी आता तुम्हाला सुई घ्या म्हणून सुचवणार नाही. तरी तुम्हाला घ्यायचीच असेल, तर तो तुमचा हक्क."

"नको," बाई टाचण्यांतून म्हणाल्या. "अठराशेत एक पुरे झालं मला. तेवढं तर मी रस्ता ओलांडतानाही धरते."

"तारीख मात्र यापुढे खरी सांगा."

"खरी," बाई म्हणाल्या, आणि जमिनीवरच बसल्या.

सासूबाई चपला शोधायला लागल्या. "मी कुणाला सांगणार नाहीये. पण ऐंशी टक्केवाल्यांना जाऊन अठराशे सांगायला नको? मीच सांगितलं होतं ना त्यांना, मलाच निस्तरायला हवं."

एवढं होऊनही बाईंना धड झोप लागत नव्हती. हृदय राहिलं होतं. आकड्याने काळजावरचा दगड उतरवला, पण त्याखालचा खडा डॉक्टरांच्या डोळ्यांनीच निघणार होता.

तीन आठवड्यांनी, खऱ्या तीन, तिघं पुन्हा त्या खोलीत होती. सासूबाईंना या वेळी नर्सने "आपण बोलायचं नाही" या अटीवर आत घेतलं होतं, आणि त्या दोन्ही हात तोंडावर ठेवून उभ्या होत्या.

"या, पाहुणे. मोठे झालात की." भिंतीवरचे ढग आता ढग राहिले नव्हते. नाकाची रेघ दिसली, ओठ दिसले, एक पंजा पडद्यावर आला आणि बोटं पसरून गेला.

"ओठ, टाळू. छान. मेंदू. छान. दोन्ही मूत्रपिंडं. छान."

मग यंत्र छातीवर स्थिरावलं. डॉक्टर बोलायचे थांबले. चष्मा नाकावर आला. बाईंनी कॉटची कड धरली. मागल्या वेळेचा तो 'हं' कुठल्याही क्षणी येईल म्हणून त्यांचं सगळं अंग कान झालं होतं. पडद्यावर एक काळं फूल उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं.

"एक, दोन, तीन, चार," डॉक्टर म्हणाले. "चार कप्पे. झडपा हलताहेत. मधली भिंत पूर्ण आहे. मोठ्या रक्तवाहिन्या जिथून निघायला हव्यात तिथूनच निघताहेत. छान. बाई, छान. मला इथून जेवढं दिसतं, तेवढं सगळं छान."

सासूबाईंच्या हातांमागून एक बारीक शिट्टीसारखा आवाज आला. होतंय चष्मा पुसायला लागले, आणि मग लक्षात आलं की ते चष्मा लावतच नाहीत, नुसते डोळेच पुसताहेत.

बाईंनी पोटावरचं जेल पुसलं, उठून उभ्या राहिल्या आणि पायजम्याची नाडी बांधायला घेतली. दोन टोकं हातात आहेत, पण गाठ म्हणून बसेना. बारीकात बारीक सुईत पहिल्या फटक्यात दोरा ओवणारी बाई, आणि साधी नाडी बांधता येईना. नर्सने टोकं त्यांच्या हातातून काढून घेतली. "द्या इकडे," ती म्हणाली, "मी बांधते," आणि तिने एक जाडजूड, वेडीवाकडी, कुठल्याही टेलरला झीट येईल अशी गाठ मारली. बाई त्या गाठीकडे बघून म्हणाल्या, "छान."

रिपोर्ट छापून मिळायला वेळ होता. बाहेरच्या बाकावर मध्ये टेलरबाई, एका बाजूला होतंय, दुसऱ्या बाजूला सासूबाई. समोर चार बायका आपापली पोटं सांभाळत आपापल्या हाकेची वाट बघत बसलेल्या. बाईंनी पाय लांब केले, डोकं होतंयच्या खांद्यावर टेकवलं, "नंबर आला की उठवा," असं अर्धं म्हटलं, आणि उरलेलं अर्धं घोरण्यातच गेलं. कितीतरी आठवड्यांची राहिलेली झोप त्या एकाच बैठकीत वसूल करायला निघाल्या. घोरणं सुरुवातीला बेताचं होतं. मग त्याला सूर लागला.

समोरची एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी कुजबुजली.

"शूऽऽऽ!" सासूबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की लिफ्टपाशी उभा असलेला माणूससुद्धा दचकला. "झोपलीय ती!"

नर्सने रिपोर्टचं पाकीट आणलं, तोंड उघडलं, बाकाकडे बघितलं, आणि पाकीट गुपचूप होतंयच्या मांडीवर ठेवून पावलं न वाजवता परत गेली. होतंयनी ते उघडलं नाही. खांदा जराही हलू न देता ते तसेच बसून राहिले, मुंग्या आल्या तरी.